फ्लो सेन्सरचा आकडा पुन्हा पुन्हा घसरतो: वॉटर-कूल्ड पीसीमधली तपासणी आणि कॅलिब्रेशन

तक्रार बहुतेक वेळा अशी असते: लूप (पंप, ब्लॉक, रेडिएटर आणि ट्यूब यांतून पाणी फिरण्याचा बंद मार्ग) नवा भरला तेव्हा फ्लो सेन्सर, म्हणजे पाण्याचा प्रवाह मोजणारा भाग, तासाला १८० लिटर दाखवत होता. महिन्याभरात १६० झाले, मग १४०. सॉफ्टवेअरमध्ये गुणक (सेन्सरच्या आकड्याला जिने गुणलं जातं ती संख्या) वाढवून आकडा पुन्हा १८० वर आणला, तर काही आठवड्यांत तो परत खाली. याच दुखण्याची आणखी दोन रूपं आहेत. एकात आकडा १२८, १४९, १७० अशा ठरावीक टप्प्यांनी उड्या मारत राहतो. दुसऱ्यात पंप नीट चालू असताना आकडा एकदम शून्यावर जातो.

तिन्ही प्रकारांत पहिलं सांगणं एकच: आधी गुणकाला हात लावू नका. कॅलिब्रेशनने फक्त कायम सारखी राहणारी चूक निघते. सेन्सर पहिल्या दिवसापासून चार टक्के कमी दाखवत असेल तर गुणक हा बरोबर उपाय आहे. पण चूक आठवड्यागणिक वाढत असेल, तर लूपमध्ये काहीतरी खरोखर बदलतंय. खरा प्रवाह कमी होत असेल, सेन्सरच्या चाकाचं घर्षण वाढत असेल, कुठे हवा अडकली असेल किंवा वायरिंगमध्ये खोट असेल. अशा वेळी गुणक वाढवला की ब्लॉकच्या (चिपवर बसून तिची उष्णता पाण्यात सोडणाऱ्या भागाच्या) बारीक खाचा बुजत असल्याची सूचना आपण आपल्याच हाताने पुसून टाकतो.

सेन्सर नेमकं काय मोजतो

पीसीच्या लूपमधले बहुतेक फ्लो सेन्सर एकाच पद्धतीचे असतात. पाण्याच्या धारेने फिरणारं छोटं चाक, चाकात बसवलेले चुंबक आणि भिंतीपलीकडे एक हॉल सेन्सर, म्हणजे चुंबक ओळखणारा सेन्सर. चुंबक समोरून गेला की एक पल्स, म्हणजे विजेचा एक ठोका. सेन्सरला लिटर कळत नाहीत, फक्त पल्स कळतात. एका लिटरमागे किती पल्स पडतात हा त्या मॉडेलचा स्थिरांक, आणि तो खोक्यावर किंवा माहितीपत्रकात दिलेला असतो. इथल्या उदाहरणांसाठी तो १६९ धरला आहे. तुमच्या सेन्सरचा वेगळा असेल, तिथे तो घाला.

सेन्सर मदरबोर्डच्या फॅन हेडरला (पंखा जोडायच्या पिनांना) जोडला की मदरबोर्ड त्याला पंखा समजतो. पंख्याच्या एका फेरीत दोन पल्स हे त्याचं गृहीतक असतं, म्हणून सेकंदाला एक पल्स आली की तो ३० आरपीएम (मिनिटाला फेऱ्या) दाखवतो. त्यावरून सूत्र असं बनतं:

प्रवाह, लिटर प्रति तास = आरपीएम × १२० ÷ पल्स प्रति लिटर

१६९ पल्सच्या सेन्सरसाठी १२० ÷ १६९ म्हणजे ०.७१. पडद्यावर २११ आरपीएम दिसत असेल तर प्रवाह तासाला १५० लिटर. आकडा अगदी बरोबर दुप्पट किंवा निम्मा येत असेल तर सेन्सर बिघडलेला नाही, सॉफ्टवेअरमध्ये फेरीमागे पल्सची संख्या चुकीची निवडलेली आहे. ती आधी बघा.

स्वस्तात मिळतो म्हणून अनेक जण आर्डुइनोच्या (छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डच्या) प्रयोगांमधला वायएफ-एस२०१ हा सेन्सर लावतात. त्याचा स्थिरांक लिटरला ४५० पल्स आहे, पण त्याची मोजायची हद्द मिनिटाला १ ते ३० लिटर आहे. पीसीच्या लूपमध्ये मिनिटाला साधारण १ ते ४ लिटर वाहतात. म्हणजे तो कायम आपल्या पट्टीच्या तळाशी काम करतो, आणि तिथेच त्याची चूक सगळ्यात जास्त असते. त्याचे थ्रेडही अर्धा इंची, तर पीसीच्या फिटिंगचे पाव इंची. मध्ये अडॅप्टर आले की गळतीच्या जागा वाढल्या. लूपसाठी बनवलेला पाव इंची थ्रेडचा सेन्सरच घ्यावा.

आकडा उड्या मारतो किंवा शून्य होतो

उड्यांचं कारण बहुतेक वेळा गणितात असतं. तासाला १५० लिटरला १६९ पल्सचा सेन्सर सेकंदाला जेमतेम ७ पल्स देतो. मायक्रोकंट्रोलर किंवा कंट्रोलर दर सेकंदाला पल्स मोजत असेल तर कधी ६, कधी ७, कधी ८ हाती लागतात आणि प्रत्येक पल्सची किंमत तासाला २१.३ लिटर असते. १२८, १४९, १७० हे आकडे तिथून येतात. प्रवाह स्थिर आहे, मोजायची खिडकी लहान आहे. खिडकी १० सेकंदांची केली की टप्पा २ लिटरवर येतो. दोन पल्समधला वेळ मोजणं त्याहून चांगलं. यासाठी सेन्सर बदलायची गरज नाही.

जुन्या मदरबोर्डवर वेगळी अडचण येते. पंख्याचा वेग मोजणारी चिप १३,५०,००० ला आरपीएम आणि विभाजकाने (चिपमध्ये निवडता येणाऱ्या एका संख्येने) भागून एक मोजणी बनवते, आणि ८ बिटच्या मोजणीत २५५ च्या पुढे जागा नसते. विभाजक २ असेल तर सुमारे २,६५० आरपीएमच्या खालचं सगळं शून्य दिसतं, ८ असेल तर ६६० च्या खालचं. फ्लो सेन्सरचे आरपीएम बहुतेक १०० ते ३०० मध्ये असतात, म्हणजे सरळ शून्य. विभाजक १२८ वर नेला तर ४१ आरपीएमपर्यंत वाचता येतं, पण २११ च्या आसपास प्रत्येक टप्पा दोन टक्क्यांचा होतो. नव्या चिपमध्ये मोजणीला जास्त बिट असल्याने हा त्रास फारसा येत नाही.

हेडर निवडतानाही चुका होतात. सेन्सर सीपीयू फॅनच्या हेडरला लावला तर इतके कमी आरपीएम पाहून बायोस (मशीन सुरू होताना चालणारं मदरबोर्डचं सॉफ्टवेअर) सुरुवातीलाच पंखा बंद असल्याची चूक दाखवून थांबतं. तिथे पंपाची आरपीएमची वायर लावावी आणि सेन्सर चेसिस फॅनच्या हेडरला. आसुसच्या काही आरओजी मदरबोर्डवर डब्ल्यू फ्लो नावाचा खास हेडर असतो, तो असेल तर तोच वापरा.

चेसिस फॅन हेडरला लावल्यावर एक गोष्ट हमखास विसरली जाते: तो हेडर डीसी मोडमध्ये (व्होल्ट कमी-जास्त करून वेग बदलणाऱ्या) तापमानानुसार चालणारा ठेवला असेल तर मशीन थंड असताना त्यावर १२ ऐवजी ५-६ व्होल्टच येतात. हॉल सेन्सरला पुरेसा पुरवठा मिळाला नाही की पल्स गळतात आणि आकडा घसरतो किंवा शून्य होतो. गेम सुरू केला की आकडा परत येतो, हेच या बिघाडाचं लक्षण. त्या हेडरला बायोसमध्ये पूर्ण वेगावर कायम ठेवा. उलट प्रकारही लक्षात असू द्या: काही सेन्सर फक्त ५ व्होल्टचे असतात. ते फॅन हेडरला लावले तर १२ व्होल्टने जळतील. जोडण्याआधी लेबल वाचा.

आकडा अचानक खऱ्यापेक्षा खूप वर जात असेल, तेही पंपाचा पीडब्ल्यूएम (वेग ठरवणारा पल्सचा सिग्नल) बदलताना, तर सेन्सरची वायर पंपाच्या वायरसोबत एकाच गुच्छात बांधली आहे का पाहा. पीडब्ल्यूएमचा गोंगाट सिग्नलच्या वायरीत शिरतो आणि खोट्या पल्स मोजल्या जातात. वायर वेगळी काढून पाच-सहा सेंटिमीटर अंतर ठेवलं की बहुतेक वेळा भागतं.

प्रवाह घटला की सेन्सर चुकतोय: तीन साक्षीदार

हळूहळू घसरणाऱ्या आकड्याचा निकाल लावायला एकटा सेन्सर पुरत नाही. त्याच्याकडे तीन बाजूंनी बघावं लागतं.

पहिला साक्षीदार पंप. पण नुसत्या पंपाच्या आरपीएमवर जाऊ नका. केंद्रापसारी पंपात पुढचा मार्ग बुजला तरी आरपीएम तसेच राहतात, कधी किंचित वाढतातही. आपल्याला हवं असतं ते सेन्सरच्या आणि पंपाच्या आरपीएमचं गुणोत्तर. कूलंट (लूपमधला द्रव) ३० अंशांच्या आसपास असताना पंप ४०, ६०, ८० आणि १०० टक्क्यांवर प्रत्येकी दोन मिनिटं चालवा आणि दोन्ही आरपीएमची सरासरी लिहून घ्या. त्याच लूपमध्ये प्रवाह साधारणपणे पंपाच्या वेगाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून हे गुणोत्तर सगळ्या वेगांवर जवळपास सारखं यायला हवं. कमी वेगावर थोडं खाली येणं स्वाभाविक आहे. जुन्या नोंदीशी तुलना केली की चित्र स्पष्ट होतं:

• फक्त कमी वेगावर गुणोत्तर पडलं: चाकाच्या आसाला घर्षण. सेन्सर उघडून साफ करा.
• सगळ्या वेगांवर सारख्याच टक्क्यांनी पडलं: खरा अडथळा असण्याची शक्यता जास्त. ब्लॉक तपासा.
• फक्त १०० टक्क्यांवर पडलं किंवा थरथरायला लागलं: टाकीत भोवरा होऊन पंप हवा ओढतोय, किंवा पाण्याची पातळी खाली गेली आहे.

दुसरा साक्षीदार उष्णता. तो सगळ्यात प्रामाणिक, कारण त्याला फिरणारा भाग नाही. एक लिटर पाणी एक अंश तापायला सुमारे ४.१८ किलोज्यूल लागतात. त्यावरून सोपं सूत्र निघतं:

तापमानातला फरक, अंशांत = वॅट × ०.८६ ÷ प्रवाह, लिटर प्रति तास

ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर मिळून ३५० वॅट खात असतील आणि प्रवाह खरोखर १५० लिटर असेल, तर ब्लॉकमध्ये शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यात २ अंशांचा फरक पडेल. प्रवाह खरोखर ३० लिटर असेल तर १० अंशांचा. सेन्सर ३० सांगतोय आणि फरक अडीच अंशांचा दिसतोय, तर खोटं सेन्सर बोलतोय, पाणी नाही. यासाठी पहिल्या ब्लॉकच्या आधी आणि शेवटच्या ब्लॉकच्या नंतर, रेडिएटरच्या अलीकडे, तापमान मोजणारे दोन प्लग लागतात. पीसीच्या लूपमधले १० किलोओहमचे थर्मिस्टर, म्हणजे या प्लगमधले तापमानाचे सेन्सर, एक अंशाने इकडेतिकडे असू शकतात. म्हणून मशीन रात्रभर बंद ठेवून सकाळी सुरू केल्या क्षणी दोन्ही वाचा. तेव्हा पाणी सगळीकडे एकाच तापमानाचं असतं, दिसणारा फरक ही प्लगची चूक, ती पुढे वजा करत राहायची.

या पद्धतीने कॅलिब्रेशन करण्याच्या फंदात मात्र पडू नका. दोन अंशांच्या फरकात अर्ध्या अंशाची चूक म्हणजे पंचवीस टक्के. प्रवाह निम्मा झालाय की नाही हे ती ठामपणे सांगते, १५० आहे की १५८ हे नाही. ग्लायकॉल मिसळलेलं कूलंट असेल तर त्याची उष्णता धरण्याची क्षमता पाण्यापेक्षा कमी असते, तेव्हा फरक थोडा जास्त दिसेल.

तिसरा साक्षीदार चिपचं तापमान. एकाच वॅटवर, उदाहरणार्थ एकच बेंचमार्क २० मिनिटं चालवून, चिप आणि कूलंट यांच्यातला फरक मोजा. प्रवाह १८० वरून १४० झाला तर हा फरक फारसा हलणार नाही. पण ६० च्या खाली गेला की तो चांगलाच वाढतो. सेन्सर ५० म्हणतोय आणि चिप-कूलंट फरक महिन्यांपूर्वीइतकाच आहे, तर सेन्सर उघडा.

यात हवामानाचाही वाटा असतो आणि तो सहज नजरेआड होतो. पाण्याची स्निग्धता २० अंशांना १.०० असेल तर ४० अंशांना ती ०.६५ वर येते. नागपुरात जानेवारीच्या सकाळी आणि मे महिन्याच्या दुपारी एकाच पंपावर एकाच लूपमधून वेगवेगळा प्रवाह वाहतो, आणि सेन्सरचं चाकही वेगळं वागतं. ग्लायकॉल असेल तर हा बदल आणखी मोठा. म्हणून कूलंटचं तापमान न लिहिता केलेली प्रवाहाची नोंद तुलनेला फारशी उपयोगी नाही.

सेन्सर उघडून साफ करणं

लूप रिकामा करा, सेन्सर काढा, झाकणाचे स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे सैल करा. चाक अलगद काढा. आसाच्या दोन्ही टोकांना आणि चुंबकांभोवती बघायचं. टोकांना बहुतेक वेळा कापसाचा किंवा कापडाचा तंतू गुंडाळलेला असतो, लूप भरताना पुसण्याच्या फडक्यातून आलेला. चुंबकांवर काळपट बारीक चूर्ण दिसलं तर ते लोखंडाचे कण आहेत. नवीन रेडिएटर न धुता लावल्याची ही खूण. पांढरा, जेलीसारखा थर असेल तर तो मऊ ट्यूबमधून सुटलेला प्लास्टिसायझर (ट्यूब मऊ ठेवणारं रसायन). तो सेन्सरमध्ये पोचला आहे म्हणजे प्रोसेसरच्या ब्लॉकमध्येही आहेच. अशा वेळी सेन्सर साफ करून लूप परत भरणं हे अर्धं काम. ब्लॉक उघडून खाचा मऊ टूथब्रशने साफ करा आणि ट्यूब बदला.

चाक कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाच्या दोन थेंबांनी धुवा, मग डिस्टिल्ड पाण्याने खळबळा. अ‍ॅक्रिलिकच्या खिडकीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावू नका, त्याने अ‍ॅक्रिलिकला बारीक भेगा पडतात. साफ झाल्यावर चाक परत बसवून सेन्सरमध्ये हळूच तोंडाने फुंकून बघा. चाक सहज सुटलं पाहिजे आणि थांबताना गुळगुळीत थांबलं पाहिजे. ते एका ठरावीक जागी अडकून थांबत असेल तर आसाची टोकं झिजली आहेत. असं चाक कोणत्याही गुणकाने सुधारत नाही, ते बदलायचं.

ओ-रिंग खाचेत नीट बसली आहे ना बघून झाकणाचे स्क्रू तिरक्या जोडीने आवळा. अ‍ॅक्रिलिकवर जोर लावू नका. लूप जोडल्यावर पाणी भरण्याआधी दाब दाखवणाऱ्या हवेच्या पंपाने साधारण अर्धा बार दाब देऊन २०-३० मिनिटं सुई हलते का पाहा.

बसवताना बाणाची दिशा पाळा आणि चाकाचा आस आडवा राहील असा सेन्सर लावा. आस उभा राहिला की चाकाचं सगळं वजन एका टोकावर येतं आणि कमी प्रवाहातली चूक वाढते. सेन्सरच्या तोंडाशीच ९० अंशांचं फिटिंग लावणं टाळा. वळणातून आलेली धार गरगरत शिरते आणि चाकावर सरळ धारेपेक्षा वेगळी आदळते, त्यामुळे स्थिरांकच बदलतो. केसमध्ये जागा नसेल आणि ते लावावंच लागलं, तर कॅलिब्रेशन त्या फिटिंगसकट करा.

बादली आणि काट्याने कॅलिब्रेशन

सेन्सर साफ आहे, हवा गेली आहे, वायरिंग ठीक आहे. आता आकड्याची उरलेली कायमची चूक काढायची. याला सगळ्यात विश्वासू उपकरण म्हणजे स्वयंपाकघरातला डिजिटल काटा.

लागणारं सामान: १ ग्रॅम अचूकतेचा, १० किलोपर्यंत चालणारा काटा, दोन बादल्या, पंप, सेन्सर त्याच्या नेहमीच्या फिटिंगसकट, दीड-दोन मीटर ट्यूब, ट्यूब चिमटीत धरायचा स्क्रूचा क्लॅम्प, थर्मामीटर, आणि पल्स मोजायची सोय. सगळ्यात मोठी सूचना इथेच: पाणी काढलेल्या लूपचा पीसी आरपीएम बघण्यासाठी चालू करू नका, बायोसमध्येसुद्धा नाही. पल्स दुसऱ्या यंत्रावर मोजा. यूएसबीवर चालणारा फॅन कंट्रोलर लॅपटॉपला जोडा, किंवा आर्डुइनो नॅनो वापरा. नॅनोवर इंटरप्ट (पल्स येताच ती टिपण्याची सोय) २ आणि ३ क्रमांकाच्या पिनवर मिळतो. सिग्नलची वायर पिन २ ला, १० किलोओहमचा रेझिस्टर पिन २ आणि ५ व्होल्टच्या मध्ये, आणि दोन्हीकडचं ग्राउंड एकत्र. सेन्सर १२ व्होल्टवर चालत असेल तर जोडण्याआधी सिग्नलच्या वायरवर मल्टिमीटर लावा. चाक बोटाने फिरवताना तिथे १२ व्होल्ट दिसले तर सेन्सरच्या आतच पुल-अप (सिग्नलला १२ व्होल्टशी जोडणारा रेझिस्टर) आहे आणि नॅनोची पिन जळेल. अशा वेळी मध्ये व्होल्टेज विभाजक (व्होल्ट कमी करणारी रेझिस्टरची जोडी) किंवा ऑप्टोकपलर (प्रकाशाने सिग्नल पलीकडे पोचवणारी चिप) लागेल.

पुरवठ्याची बादली स्टुलावर ठेवा, पंप तिच्यापेक्षा खाली, म्हणजे पाणी आपणहून पंपात उतरतं. डी५ सारखा (लूपमध्ये वापरला जाणारा) पंप कोरड्यात पाणी ओढू शकत नाही आणि कोरडा चालला तर त्याचं बेअरिंग जातं. पंपातून ट्यूब सेन्सरकडे, सेन्सरनंतर किमान ३० सेंटिमीटर ट्यूब, मग क्लॅम्प. क्लॅम्प सेन्सरच्या पुढच्या बाजूलाच हवा; आधी लावला तर चिमटीतून उसळलेली धार चाकावर पडते. क्लॅम्प नसेल तर पंप मोकळा वाहील आणि लूपमध्ये कधीच नसणाऱ्या प्रवाहावर कॅलिब्रेशन होईल.

सुरुवातीला सुटं टोक पुरवठ्याच्या बादलीतच ठेवा आणि पाच मिनिटं पाणी फिरू द्या. सेन्सर हलकेच टिचकी मारून हलवा, बुडबुडे निघून जाऊ द्या. मग रिकामी बादली काट्यावर ठेवून शून्य करा. टोक झटक्यात त्या बादलीवर वळवा आणि त्याच क्षणी मोजणी व स्टॉपवॉच सुरू करा. ठरलेल्या वेळी टोक परत वळवा आणि मोजणी थांबवा. पंप चालू-बंद करून मोजू नका. पंप वेग घेईपर्यंतचा आणि थांबतानाचा काळ, जेव्हा चाक आणि पाणी एकमेकांशी जुळलेले नसतात, तोही मग हिशेबात येतो.

वेगवान, मधला आणि संथ अशा तीन प्रवाहांवर मोजा, प्रत्येक तीनदा. पाण्याचं वजन किलोमध्ये घेऊन घनतेने भागलं की लिटर मिळतात. २८ अंशांच्या पाण्यासाठी घनता ०.९९६. एका १६९ पल्सच्या सेन्सरवर असे आकडे येतात असं समजा:

• ९० सेकंद, ७८६ पल्स, ४.८१ किलो. म्हणजे ४.८२९ लिटर; लिटरला १६२.८ पल्स, प्रवाह १९३.
• १२० सेकंद, ६६० पल्स, ४.०५ किलो. म्हणजे ४.०६६ लिटर, लिटरला १६२.३ पल्स, प्रवाह १२२.
• १८० सेकंद, ३९६ पल्स, २.५६ किलो. म्हणजे २.५७० लिटर, लिटरला १५४.१ पल्स, प्रवाह ५१.

लिटरमागच्या पल्स काढायला वेळेचा आकडा लागतच नाही, फक्त पल्स आणि वजन लागतं. म्हणून स्टॉपवॉच अर्ध्या सेकंदाने चुकलं तरी स्थिरांक बिघडत नाही. मोजणीदरम्यान बादलीतली पातळी उतरून प्रवाह किंचित कमी झाला तरीही नाही. एकाच वेगावरची तीन मोजमापं दीड टक्क्यात जुळली पाहिजेत. जुळत नसतील तर पुढे जाऊ नका, हवा किंवा घर्षण अजून बाकी आहे.

वरच्या आकड्यांत दोन गोष्टी दिसतात. पहिल्या दोन प्रवाहांवर स्थिरांक १६२.५ च्या आसपास आहे, म्हणजे १६९ धरून मशीन सुमारे चार टक्के कमी दाखवत होतं. आणि ५१ लिटरवर तो १५४ पर्यंत घसरतो, कारण संथ धारेत आसाचं घर्षण चाकाला मागे ओढतं. लूप कायम १०० लिटरच्या वर चालत असेल तर १६२.५ घाला आणि विषय संपवा. गुणक १२० ÷ १६२.५ म्हणजे ०.७३८. संथ प्रवाहही नीट हवा असेल तर गुणकासोबत बेरीज घ्यावी लागते. या तीन बिंदूंवर ०.७२ × आरपीएम + ४ हे सूत्र लिटरभराच्या आत बसतं: २६२ आरपीएमला १९२.६, १६५ ला १२२.८, ६६ ला ५१.५. एचडब्ल्यूइन्फोमध्ये (सेन्सरचे आकडे दाखवणाऱ्या विंडोजवरच्या सॉफ्टवेअरमध्ये) प्रत्येक सेन्सरच्या मांडणीत गुणणे आणि मिळवणे या दोन्हींसाठी जागा असते. लिनक्सवर एलएम-सेन्सर्सच्या कॉन्फिग फाइलमधली कॉम्प्युट ओळ हेच काम करते; तिथे सुलट आणि उलट अशी दोन्ही सूत्रं द्यायची असतात.

रंगीत किंवा ग्लायकॉलचं कूलंट वापरत असाल तर मोजमापही त्याच द्रवाने करा. घनता माहीत नसेल तर मोजपात्रात ५०० मिलिलिटर घेऊन वजन करा. साध्या पाण्यावर काढलेला स्थिरांक जोराच्या प्रवाहात घट्ट कूलंटलाही बराच जुळतो, संथ प्रवाहात नाही. पाण्यासाठी पेट्रोल पंपावरचं बॅटरीचं पाणी घेताना डबा सीलबंद आहे आणि त्यावर डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड लिहिलेलं आहे हे बघून घ्या. बोअरचं पाणी मोजमापापुरतंसुद्धा लूपच्या भागांतून फिरवू नका, त्याचे क्षार आसाच्या टोकांवर बसतात.

अलार्म लावताना

बेरीज असलेलं सूत्र वापरलं तर पंप पूर्ण थांबल्यावरही पडद्यावर ४ लिटर दिसत राहतील. म्हणून मशीन बंद करणारा अलार्म कधीही सुधारलेल्या प्रवाहावर लावू नका. तो कच्च्या आरपीएमवर लावा, नेहमीच्या आरपीएमच्या साधारण ४० टक्क्यांवर, आणि १५ सेकंदांची मुदत द्या, म्हणजे एखादा बुडबुडा गेल्याने मशीन बंद पडणार नाही. सोबत कूलंटच्या तापमानाचा वेगळा अलार्म हवाच. सेन्सरची वायर सैल झाली तर आरपीएम शून्य होतील आणि मशीन विनाकारण बंद होईल, ही अडचण छोटी. चाक अडकलं आणि सॉफ्टवेअर शेवटचा आकडा तसाच धरून बसलं तर फक्त तापमानच वाचवतं.

नोंद कशी ठेवायची आणि पुन्हा कॅलिब्रेशन कधी

कॅलिब्रेशनच्या दिवशी चार गोष्टी लिहून ठेवा: पंपाचा पीडब्ल्यूएम टक्के, पंपाचे आरपीएम, सेन्सरचे कच्चे आरपीएम, कूलंटचं तापमान. महिन्यातून एकदा त्याच पीडब्ल्यूएमवर आणि दोन अंशांच्या आतल्या तापमानाला हेच आकडे पुन्हा घ्या. नुसता प्रवाहाचा आकडा लिहून उपयोग नाही, कारण मध्ये कोणी गुणक बदलला असेल तर तुलना मोडते. कच्चे आरपीएम बदलता येत नाहीत.

कच्चे आरपीएम पाच टक्क्यांपर्यंत हलले तर सोडून द्या. दहा टक्क्यांहून जास्त पडले तर वरचे तीन साक्षीदार तपासा. दोष सेन्सरचा निघाला तर साफ करा. साफ केल्यावर आकडे जुन्या नोंदीशी जुळले तर जुनाच गुणक ठेवा. बादली आणि काटा पुन्हा काढायची वेळ तेव्हाच येते जेव्हा सेन्सरचं चाक बदललं, त्याच्या तोंडाचं फिटिंग बदललं, सेन्सरची दिशा फिरवली किंवा कूलंटचा प्रकार बदलला. ब्लॉक किंवा रेडिएटर वाढवला तर खरा प्रवाह कमी होईल, पण लिटरमागे पल्स तितक्याच राहतील. तिथे नवी नोंद करायची, नवं कॅलिब्रेशन नाही.